स्वस्तिकाची आकृति, नाम व अर्थ : कांहीं रूढ मतांचें परीक्षण

परभणी जिल्ह्यांत जुन्या पोथ्या, नाणीं, ताम्रपट व कोरीव दगड जमविणाऱ्या मंडळींच्या संग्रहांत स्वस्तिक असलेली एखादी वस्तु आली कीं तिजविषयीं तीन विधानें बहुधा ऐकूं येतात. पहिलें, ती वस्तु जैनांची आहे. दुसरें, ती अतिप्राचीन आहे. आणि तिसरें, स्वस्तिक म्हणजे सूर्य, म्हणून तिचा सूर्योपासनेशीं संबंध आहे. या विधानांस आधार विचारला असतां बोट दाखविलें जातें तें गेल्या पावणेदोनशें वर्षांत युरोप-अमेरिकेंत झालेल्या ग्रंथांकडे, किंवा त्यांवरून आपल्याकडे उतरलेल्या लेखांकडे. ते ग्रंथ परिश्रमानें लिहिलेले आहेत यांत शंका नाहीं. परंतु त्यांतील मतें न तपासतां घरच्या वस्तूंस लावल्यामुळें वस्तूंचा काळ चुकतो, संप्रदाय चुकतो, आणि एकदां छापून गेलेली चूक पुढील लेखकास प्रमाण होऊन बसते. सबब तीं मतें संस्कृत वाङ्मय व कोरीव लेख यांच्या कसोटीवर घांसून पाहणें अवश्य आहे.

आमच्या मतें या सर्व घोटाळ्याचें मूळ एकच आहे. स्वस्तिकाची आकृति, 'स्वस्तिक' हें नाम आणि त्या आकृतीस दिलेला अर्थ, या तीन निराळ्या गोष्टी होत. प्रत्येकीचें वय निराळें आणि प्रत्येकीचा पुरावाहि निराळा. आकृतीचा पुरावा मुद्रा, भांडीं व दगड हे देतात; नामाचा पुरावा ग्रंथ देतात; आणि अर्थाचा पुरावा त्या त्या समाजाचें स्वतःचें लिखाण किंवा आचार यांवांचून कोणीहि देऊं शकत नाहीं. एकीच्या पुराव्यानें दुसरी सिद्ध करूं गेलें कीं अनुमान बिघडतें.

या विषयावरील सर्वांत मोठा संग्राहक ग्रंथ टॉमस विल्सन यांचा. विल्सन हे वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयांत प्रागैतिहासिक विभागाचे प्रमुख होते. त्या संग्रहालयाच्या १८९४ च्या वृत्तांताचा भाग म्हणून हा ग्रंथ १८९६ सालीं छापून निघाला. ट्रॉयच्या उत्खननांत सांपडलेल्या टकळीच्या मातीच्या चकत्यांपासून अमेरिकेंतील तांब्याच्या पत्र्यांपर्यंत अनेक देशांतील आकृति त्यांनीं चित्रांसह एकत्र केल्या, आणि मूळ उत्पत्ति काळाच्या उदरांत लुप्त झाली असें मोकळेपणानें सांगितलें. हे दोन्ही गुण थोर आहेत. दोष आहे तो वर्गीकरणांत. टोंकें वळलेला जो कोणता क्रूस दिसला त्यास त्यांनीं 'स्वस्तिक' हेंच नांव दिलें. वास्तविक श्लीमान यांच्या १८८० च्या ट्रॉयविषयक ग्रंथांत मॅक्सम्युलर यांचें जें पत्र आहे, त्यांत या नामाचा वापर भारताबाहेर करूं नये, कारण त्यास स्वतःचा इतिहास व निश्चित अर्थ आहे, असा इशारा दिलेला होता. विल्सन यांनीं तो आक्षेप नमूद केला, आणि तरीहि सोयीसाठीं नांव तेंच ठेवलें. नांवाबरोबर त्याचा भारतीय अर्थहि नकळत ट्रॉयपासून ओहायोपर्यंत पसरला.

आतां एकेका मताचें परीक्षण करूं.

कनिंगहॅम यांनीं भिलसा येथील स्तूपांवरील आपल्या १८५४ च्या ग्रंथांत असें सुचविलें कीं, स्वस्तिक हें मूळचें चिन्ह नसून ब्राह्मी लिपींतील 'सु' व 'ति' हीं दोन अक्षरें एकांत एक गुंफून झालेलें जोडाक्षर आहे. हें मत आजहि अधूनमधून डोकें वर काढतें. त्यावर दोन आक्षेप आहेत. पहिला भाषेचा. संस्कृत 'स्वस्ति' याचें पालींतील रूप 'सोत्थि' किंवा 'सुवत्थि' असें होतें; 'सुति' असें होत नाहीं. मग जें पद भाषेंतच नाहीं त्याचें जोडाक्षर कोण करील? दुसरा आक्षेप काळाचा. मोहेंजोदडो व हरप्पा येथील मुद्रांवर ही आकृति स्पष्ट आहे. त्या नगरांचा भरभराटीचा काळ इ. स. पू. २६०० ते १९०० असा धरतात. आणि ज्यांचा काळ निश्चित सांगतां येतो असे ब्राह्मीचे विस्तृत लेख अशोकाचे, म्हणजे इ. स. पू. तिसऱ्या शतकांतील होत. अक्षरांच्या आधीं दीड-दोन हजार वर्षें अस्तित्वांत असलेली आकृति अक्षरांपासून निघाली असें म्हणणें म्हणजे नातवानें आजोबास जन्म दिला असें म्हणण्यासारखें आहे. कनिंगहॅम यांच्या काळीं सिंधुसंस्कृतीचा शोध लागलेला नव्हता हें ध्यानांत घेऊन त्यांस दोष देतां येत नाहीं. आज तें मत पुनः मांडणारास मात्र ही सवलत नाहीं.

दुसरें मत एमील बुर्नूफ यांचें. त्यांच्या म्हणण्याप्रमाणें स्वस्तिक म्हणजे यज्ञांत अग्नि उत्पन्न करण्याच्या दोन अरणी. त्या एकमेकींवर आडव्या ठेवून त्यांचीं वांकविलेलीं टोंकें चार खिळ्यांनीं जखडलेलीं असत. ज्यांनीं अग्निमंथन पाहिलें आहे, अगर श्रौतग्रंथांतील त्याचा विधि वाचला आहे, त्यांस हें वर्णन चमत्कारिक वाटेल. अधरारणि खालीं आडवी असते. मंथनदंड तिजवर उभा धरून दोरीनें घुसळतात. दोन काष्ठें फुलीसारखीं एकमेकांवर निजविण्याचा प्रकार तेथें नाहीं, आणि चार खिळ्यांचें तर नांवहि नाहीं. तथापि हेंच मत श्लीमान यांनीं उचलून धरलें, आणि ट्रॉयची आकृति व वेदांतील अग्नि यांची जी सांगड त्यांतून पडली तिचे परिणाम पुढें किती दूरवर गेले हें खालीं येईल.

तिसरें मत सूर्याचें. स्वस्तिक म्हणजे फिरतें सूर्यचक्र, असें अनेकांनीं लिहिलें आहे. पर्सी गार्डनर यांनीं त्यास ग्रीक नाण्यांचा दाखला दिला. काळ्या समुद्राकाठच्या मेसेम्ब्रिया या नगरीच्या नांवांत ग्रीक लोकांस 'मध्याह्न' हा अर्थ दिसे; आणि तिच्या कांहीं नाण्यांवर नांवाच्या उत्तरार्धाच्या जागीं हें चिन्ह घातलेलें आहे. त्या एका नगरीपुरता हा पुरावा सुंदर आहे. परंतु त्यावरून भारतांतील स्वस्तिकाचा अर्थ ठरत नाहीं. आपल्याकडील आहत नाण्यांवर सूर्याचें चिन्ह स्वतंत्र आहे. किरणांनीं वेढलेलें वर्तुळ पाहतांच ओळखूं येतें. ज्यांच्याजवळ सूर्यासाठीं इतकें सरळ चिन्ह होतें, त्यांनीं स्वस्तिकाचाहि अर्थ सूर्यच मानला, असें म्हणण्यास वेगळें प्रमाण पाहिजे.

चौथें मत उजव्या-डाव्या वळणाचें. उजवीकडे वळलेला तो 'स्वस्तिक' व शुभ, डावीकडे वळलेला तो 'सौवस्तिक' व अशुभ, हा भेद मॅक्सम्युलर यांच्या उपर्युक्त पत्रामुळें युरोपांत रूढ झाला आणि तेथून आपल्याकडे आला. बर्डवुड यांनीं त्यांत पुरुष व स्त्री, गणेश व काली असा आणखी भेद घातला. संस्कृतांत 'सौवस्तिक' शब्द आहे. परंतु त्याचा अर्थ 'स्वस्ति म्हणणारा', म्हणजे आशीर्वाद देणारा पुरोहित, असा आहे. पालींतील 'सोवत्थिक' हें पद तर स्वस्तिकाचेंच नांव आहे. वळणाच्या दिशेचा संबंध यांपैकीं कोणत्याहि पदाशीं नाहीं. आकृतीचा पुरावा घेतला तर सिंधुमुद्रांवर दोन्ही वळणें आहेत. चीन व जपान येथील बौद्ध मंदिरांत डावें वळणच प्रायः मंगल मानलेलें आढळतें. उजव्या वळणास शुभ मानण्याचा आचार आपल्या समाजांत आज आहे आणि तो आदरणीय आहे. परंतु तो आचार दोन हजार वर्षांपूर्वींच्या शिल्पकारावर लादून, डाव्या वळणाचें स्वस्तिक दिसतांच 'तांत्रिक' अगर 'अशुभ' असा शेरा मारणें हें शास्त्र नव्हे.

आतां नामाकडे वळूं. 'स्वस्ति' हें पद ऋग्वेदांत पुष्कळदां येतें, आणि यास्कांनीं निरुक्तांत तें अविनाशाचें नांव म्हणून सांगितलें आहे. परंतु 'स्वस्तिक' हें आकृतीचें नांव त्या संहितेंत नाहीं. आकृतीचें नांव म्हणून तें पाणिनींच्या अष्टाध्यायींत स्पष्ट आढळतें, आणि ज्या ठिकाणीं आढळतें तें ठिकाण मोठें बोधप्रद आहे. सहाव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादांतील ११५ वें सूत्र 'कर्ण' शब्दापूर्वीं येणाऱ्या चिन्हवाचक पदाचा अंत्य स्वर दीर्घ करावयास सांगतें, म्हणून 'दात्राकर्ण'. मात्र कांहीं पदें त्यांतून वगळलीं आहेत, त्यांत 'स्वस्तिक' आहे, म्हणून 'स्वस्तिककर्ण'. काशिकाकार सांगतात कीं येथील लक्षण म्हणजे कोणाचें जनावर हें कळावें म्हणून त्यावर केलेली खूण. अर्थात् ज्याच्या कानावर स्वस्तिकाची खूण आहे असा बैल तो स्वस्तिककर्ण. विळा, मणि, स्रुवा यांच्या खुणांच्या पंक्तींत स्वस्तिक बसला आहे. त्यास तेथें गूढ अर्थ नाहीं, देवता नाहीं. गोठ्यांतील मालकीची खूण, इतकेंच.

पुढील ग्रंथांत हें नाम आणखी पसरतें. रामायणाच्या अयोध्याकांडांत गुहानें भरताच्या सैन्यासाठीं आणलेल्या उत्तम नौकांपैकीं कांहीं स्वस्तिक नांवाच्या आहेत. सुश्रुतसंहितेंत चोवीस 'स्वस्तिकयंत्रें' सांगितलीं आहेत. तीं दोन पात्यांचीं, खिळ्यानें जोडलेलीं, सिंहव्याघ्रादिकांच्या मुखांसारखीं तोंडें असलेलीं, शल्य उपटण्याचीं साधनें होत. त्याच ग्रंथांत जखमेवरील एका पट्टीबंधास स्वस्तिक म्हटलें आहे, आणि फणावाल्या सर्पांच्या अंगावरील चिन्हांतहि स्वस्तिक गणलें आहे. भरतांच्या नाट्यशास्त्रांत मनगटाशीं एकमेकांवर घेतलेले हात म्हणजे स्वस्तिक हस्त. वराहमिहिरांच्या बृहत्संहितेंत स्वस्तिक हा गृहाचा प्रकार आहे. या सर्वांचा मेळ घातला तर दिसतें तें असें कीं, 'स्वस्तिक' शब्दाच्या पोटांत एकमेकांस छेदणाऱ्या दोन रेषा हा आकारवाचक अर्थ फार दृढ होता. म्हणून ग्रंथांत 'स्वस्तिक' शब्द आला कीं तेथें वळलेल्या टोंकांचें मंगलचिन्हच अभिप्रेत आहे असें धरून चालूं नये. पाणिनींच्या बैलाच्या कानावरील खूणहि साधी फुली असूं शकेल.

कोरीव लेखांचा पुरावा आपल्या महाराष्ट्रांत विपुल आहे, आणि तो बाहेरच्या ग्रंथकारांनीं पुरेसा वापरला नाहीं. जुन्नरच्या बौद्ध लेण्यांतील कित्येक दानलेखांच्या आरंभीं किंवा अखेरीस स्वस्तिक कोरलेलें आहे. त्याच्या जोडीस नंदिपद असतें. पूर्वेकडे खारवेलाच्या हाथीगुंफा लेखाजवळहि श्रीवत्स व स्वस्तिक आहेत, आणि तो राजा जैनांचा आश्रयदाता. एकाच काळाच्या आसपास बौद्ध व जैन दोघेहि तें वापरीत असतां, केवळ स्वस्तिकावरून वस्तु जैन ठरविणें कसें संभवतें?

या लेखांतील स्वस्तिकाचें स्थान विशेष ध्यानांत घेण्याजोगें आहे. तें लेखाच्या सीमेवर, जेथें मंगलाचरण असावें तेथें येतें. पुढें वाकाटकांच्या काळीं त्या जागेवर शब्द बसलेले दिसतात. प्रभावतीगुप्तेच्या पुणें ताम्रपटांत 'दृष्टम्', 'सिद्धम्' हीं पदें आहेत आणि शासन जेथून निघालें त्या नंदिवर्धनाच्या नांवापूर्वीं 'स्वस्ति' आहे. यादवकाळच्या मराठी शिलालेखांच्या माथ्यावर चंद्रसूर्य कोरतात आणि मजकुराचा आरंभ 'स्वस्ति श्री' यांनीं होतो. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर शिवछत्रपतींच्या पत्रांतहि 'स्वस्ति श्री राज्याभिषेक शक' असाच उपक्रम असे. आमचें अनुमान असें कीं, लेखारंभीं जें काम पूर्वीं चिन्ह करीत होतें तें हळूहळू पदाकडे गेलें. चिन्ह मात्र उंबरठा, रांगोळी, कलश आणि दिवाळींतील वहीपूजन येथें नांदत राहिलें. हें अनुमान खरें असेल तर शिलालेखांत स्वस्तिक नसणें हा त्याच्या लोपाचा पुरावा नव्हे, आणि पोथींत असणें हा तिच्या प्राचीनत्वाचाहि नव्हे.

जैनांची परंपरा येथें स्वतंत्रपणें पाहिली पाहिजे, कारण अर्थाविषयीं स्वतःचें निश्चित सांगणें त्यांजपाशीं आहे. चार भुजा म्हणजे देव, मनुष्य, तिर्यंच व नारक या चार गति. वरचे तीन बिंदु म्हणजे सम्यक् दर्शन, ज्ञान व चारित्र्य. त्यावरील चंद्रकोर व बिंदु म्हणजे सिद्धशिला व सिद्ध. मथुरेच्या कंकाली टीला येथील आयागपटांवर स्वस्तिक ठळक आहे, आणि श्वेतांबरांच्या अष्टमंगलांत त्याची गणना होते. सातवे तीर्थंकर सुपार्श्वनाथ यांचें लांछनहि सामान्यतः स्वस्तिकच सांगतात, जरी सर्व याद्या याविषयीं एकमत नाहींत.

हा शेवटला मुद्दा आमच्या जिल्ह्यास प्रत्यक्ष उपयोगी आहे. जिंतूरजवळ नेमगिरी येथें दिगंबर जैनांचीं गुंफामंदिरें असून नेमिनाथ, पार्श्वनाथ इत्यादिकांच्या मूर्ति तेथें पूजिल्या जातात. त्या परिसरांत सुटी जिनमूर्ति मिळाली व तिच्या मस्तकीं सर्पफणा असली तर ती पार्श्वनाथांची, असें चटकन् म्हटलें जातें. परंतु सुपार्श्वनाथांच्या मस्तकींहि फणा दाखवितात. प्रायः त्यांच्या पांच, पार्श्वनाथांच्या सात. फणा तुटलेल्या असतील तर निर्णय आसनावरील लांछनावर येतो: तेथें सर्प कीं स्वस्तिक? अशा ठिकाणीं स्वस्तिक खरोखर बोलतें, कारण तें नेमक्या जागीं, नेमक्या परंपरेंत आलेलें असतें. तेंच स्वस्तिक दाराच्या चौकटीवर असेल तर त्यावरून कोणाहि तीर्थंकराचें नांव काढतां येत नाहीं.

बाहेरील देशांचा विचारहि याच दृष्टीनें व्हावा. युक्रेनमधील मेझिन येथें हिमयुगाच्या अखेरच्या काळांतील, हस्तिदंतासारख्या मॅमथच्या दंताचे पक्षी सांपडले. त्यांवरील नागमोडी नक्षींत स्वस्तिकसदृश आकृति उमटते. इराकांतील समर्रा येथील एक प्रसिद्ध पात्र बर्लिनच्या संग्रहालयांत आहे व त्याच्या मध्यभागचें स्वस्तिक अनेक पुस्तकांतून छापलेलें आहे. परंतु पात्राचा तोच भाग जीर्णोद्धारांत पुनः घडविलेला आहे, हें तीं पुस्तकें क्वचितच सांगतात. अमेरिकेंत ओहायो प्रांतांतील होपवेल टेकाडांत १८९१-९२ सालीं मूरहेड यांस तांब्याच्या पत्र्याचीं स्वस्तिकें मिळालीं. विल्सन यांचा कल या सर्वांस स्थलांतरानें जोडण्याकडे होता. पण विणकाम, बुरूडकाम अगर चौकटीची नक्षी करणाऱ्या कोणत्याहि हातून ही आकृति सहज निघते. उलट, बौद्धांबरोबर ती चीनकडे गेल्याचें स्पष्ट आहे, कारण तेथें धर्म, ग्रंथ व प्रवासी यांचा माग लागतो, इ. स. ६९३ मध्यें सम्राज्ञी वू झतियान हिनें त्या चिन्हास 'वान्', म्हणजे दहा सहस्र, असा उच्चार दिला असें चिनी परंपरा सांगते. जेथें माग आहे तेथें स्थलांतर मानावें. जेथें केवळ सादृश्य आहे तेथें थांबावें.

न थांबण्याचें फळ काय होतें तें विसाव्या शतकानें पाहिलें. ट्रॉयची आकृति, वेदांतील अग्नि आणि 'आर्य' शब्द यांची जी मोट बुर्नूफ-श्लीमान यांनीं बांधली, तिचें पुढें वंशाभिमानांत रूपांतर झालें. 'आर्य' हें भाषेचें नांव आहे, रक्ताचें नव्हे, असें मॅक्सम्युलर यांनीं १८८८ सालींच बजावलें होतें. तें कोणी ऐकलें नाहीं. जर्मनींतील नाझी पक्षानें १९२० सालीं हें चिन्ह घेतलें व १९३५ सालीं तें राष्ट्रध्वजावर चढविलें. जर्मन लोक त्यास स्वस्तिक म्हणत नव्हते. 'हाकेनक्रॉइझ', म्हणजे आंकड्याचा क्रूस, असें म्हणत. तथापि इंग्रजी ग्रंथांत आधींच रूढ झालेल्या वापरामुळें जगभर आपलेंच नांव त्या ध्वजास चिकटलें. अमेरिकेंतील नाव्हाहो, होपी इत्यादि चार जमातींनीं १९४० सालीं आपल्या विणकामांतून ही पिढीजात आकृति जाहीरपणें वर्ज्य केली. ज्यांचा त्या अत्याचारांशीं कांहीं संबंध नव्हता त्यांस आपली वस्तु टाकावी लागली. म्हणून नाम व आकृति वेगळीं ठेवण्याचा आग्रह हा केवळ पंडिती काटेकोरपणा नव्हे. आपण आज लिहितांना 'स्वस्तिक हें आर्यांचें चिन्ह' असें सहज लिहून जातो, तेव्हां तीच जुनी मोट पुनः बांधीत असतों. सिंधुमुद्रांवरील लिपि अद्याप सर्वमान्य रीतीनें वाचली गेलेली नाहीं. ज्यांची भाषा निश्चित नाहीं त्यांच्या चिन्हास वंशाचें नांव देण्याचा अधिकार कोणास आहे?

संग्राहकांनीं पुढील दक्षता घ्यावी अशी विनंति आहे. पोथींत स्वस्तिक असल्यास तें लेखकाच्याच शाईंत आहे कीं कुंकवानें अगर अष्टगंधानें मागाहून काढलेलें आहे तें पाहावें. पूजेच्या दिवशीं धन्यानें काढलेलें स्वस्तिक पोथीच्या लेखनकाळाविषयीं कांहीं सांगत नाहीं. जैन पोथ्यांच्या आरंभीं '९०' या अंकासारखें दिसणारें जें चिन्ह असतें त्यास स्वस्तिक समजूं नये. सातवाहनांच्या नाण्यांवरील फुलीच्या चार टोंकांस वर्तुळें असलेलें चिन्ह तें उज्जयिनी-चिन्ह; त्याची नोंद स्वस्तिक म्हणून होऊं नये. चारठाण्याच्या मंदिरांसारख्या ठिकाणीं नक्षी टिपतांना चिन्ह कोणत्या अंगावर आहे, वळण कोणत्या बाजूस आहे, शेजारीं कोणतीं चिन्हें आहेत, आणि कोरीव आहे कीं शेंदरानें काढलेलें, इतकें लिहिलें तरी पुढील अभ्यासकाचें काम होईल. वालूरच्या बारवेच्या पायऱ्या चक्राकार उतरतात, तिला चक्राकारच म्हणावें. स्वस्तिकाच्या आकाराचा जलाशय पाहावयाचा तर तिरुचिरापल्लीजवळ तिरुवेळ्ळरै येथें, पल्लव दंतिवर्म्याच्या काळचा, चारी बाजूंस वळलेल्या पायऱ्यांचा आहे.

या नोंदींतून अर्थ लगेच निघणार नाहीं, आणि निघावा अशी घाईहि नको. जिंतूर, चारठाणा, सेलू, पाथरी या भागांतील अशीं शंभर-दोनशें चिन्हें ठिकाण, वळण व सोबतीची चिन्हें यांसह एकत्र झालीं, तर चिन्हाच्या जागीं पद आलें हें आमचें अनुमान टिकतें कीं पडतें याचा निर्णय त्यांवरूनच होईल. पडलें तरी नोंदी उरतीलच.